लेबल लावलेल्या ग्लुकोजचा पहिला प्रयोग: प्रश्नापासून आकड्यांपर्यंत

शरीरात गेलेल्या ग्लुकोजचं पुढे काय होतं, हे नुसती रक्तातली साखर मोजून कळत नाही. उपाशीपोटी रक्तातला आकडा बराच वेळ जवळपास एका जागी असतो, पण तेव्हाही यकृत नवं ग्लुकोज रक्तात सोडत असतं आणि मेंदू, स्नायू, रक्तपेशी ते उचलत असतात. आवक आणि जावक सारखी, म्हणून आकडा हलत नाही. ही ये-जा पाहायची तर काही रेणूंवर खूण, म्हणजेच लेबल, करावी लागते. ती खूण एन्झाइमांना जाणवता कामा नये आणि यंत्राला मात्र दिसली पाहिजे. कार्बन-१३, ड्युटेरियम (जड हायड्रोजन), कार्बन-१४ ही समस्थानिकं हे काम करतात, कारण अणूची रासायनिक वागणूक ठरते ती इलेक्ट्रॉनांवरून, आणि इथे फरक असतो तो अणुकेंद्रात.

कल्पना शंभर वर्षांची आहे. जॉर्ज द हेवेशी यांनी १९२३ मध्ये किरणोत्सारी शिसं वापरून वनस्पतींमधला त्याचा प्रवास शोधला. १९३५ मध्ये रुडॉल्फ शोनहायमर आणि डेव्हिड रिटनबर्ग यांनी ड्युटेरियमची खूण असलेली मेदाम्लं प्राण्यांना खाऊ घातली आणि साठवलेली चरबीसुद्धा सतत बदलत असते हे दाखवलं. तेव्हापासून तंत्र कितीतरी पुढे गेलं, पण प्रयोग आखताना करायचा विचार तोच आहे. पुढच्या पायऱ्या हा प्रयोग पहिल्यांदाच हाती घेणाऱ्यांसाठी आहेत. जीवरसायनाची तोंडओळख आहे, पण ट्रेसर (असा खूण केलेला रेणू) कधी वापरलेला नाही, असा वाचक मी डोळ्यांसमोर ठेवला आहे.

पायरी १: साखर मागवण्याआधी प्रश्न एका वाक्यात लिहा

सगळ्यात महाग चूक इथेच होते. प्रयोगशाळेत सहाही कार्बन लेबल केलेलं ग्लुकोज आधीच असतं, म्हणून तेच वापरलं जातं, आणि आकडे हातात आल्यावर लक्षात येतं की या लेबलने आपला प्रश्न सुटूच शकत नव्हता.

नवशिक्यांचे बहुतेक प्रश्न तीन प्रकारांत बसतात. ग्लुकोज कुठे उचललं जातं? उचललेल्या ग्लुकोजचे कार्बन पुढे कोणत्या पदार्थांत जातात? आणि रक्तात ग्लुकोज किती वेगाने येतं नि जातं? पहिल्या प्रश्नाला पेट स्कॅन (शरीरात दिलेल्या किरणोत्सारी खुणेचं बाहेरून घेतलेलं चित्र), दुसऱ्याला कार्बन-१३ आणि मास स्पेक्ट्रोमीटर (रेणूंचं वजन मोजणारं यंत्र) किंवा एनएमआर (चुंबकक्षेत्रात अणुकेंद्रांचा संकेत वाचणारं तंत्र), तिसऱ्याला शिरेतून संथपणे सोडलेलं ड्युटेरियमयुक्त ग्लुकोज. ‘अर्बुदाचं (ट्यूमरचं) चयापचय अभ्यासायचं आहे’ हा प्रश्न नव्हे. ‘या पेशींत सायट्रेटकडे जाणारा ग्लुकोजचा वाटा औषध दिल्यावर घटतो का?’ हा प्रश्न आहे. तो लिहिला की निम्मा आराखडा आपोआप ठरतो.

पायरी २: कोणता अणू, आणि कोणत्या जागी

समस्थानिक निवडताना आधी किरणोत्सार हवा की नको ते ठरवा. फ्लोरिन-१८ चा अर्धायुष्यकाल सुमारे ११० मिनिटं, कार्बन-११ चा सुमारे २० मिनिटं. दोन्ही पॉझिट्रॉन सोडतात आणि शरीराबाहेरून दिसतात. ट्रिटियमचा (किरणोत्सारी हायड्रोजनचा) अर्धायुष्यकाल १२.३ वर्षं आणि कार्बन-१४ चा सुमारे ५,७३० वर्षं. ही दोन्ही मंद बीटा किरण सोडतात, त्यामुळे शरीराबाहेरून चित्र घेता येत नाही, पण नमुन्यात अत्यंत कमी मात्राही मोजता येते. कार्बन-१३ आणि ड्युटेरियम स्थिर आहेत. त्यांत किरणोत्साराची काळजी नाही, पण ती दिसायला रेणूंचा बऱ्यापैकी मोठा हिस्सा लेबल केलेला लागतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे जागा. ग्लुकोजमधले कार्बन १ ते ६ असे मोजतात आणि प्रत्येकाचं नशीब वेगळं असतं. ग्लायकोलिसिसमध्ये रेणू मधोमध तुटतो आणि दोन पायरुव्हेट तयार होतात. कार्बन ३ आणि ४ हे पायरुव्हेटच्या कार्बॉक्सिल टोकाला जातात, म्हणून पायरुव्हेट डिहायड्रोजिनेज हे एन्झाइम त्यांनाच कार्बन डायऑक्साइड म्हणून बाहेर टाकतं. कार्बन १ आणि ६ हे मिथाइल टोकाला पोहोचतात, म्हणून असिटाइल-कोएमधून क्रेब्स चक्रात शिरतात. पेंटोज फॉस्फेट मार्गाच्या ऑक्सिडेटिव्ह भागात मात्र कार्बन १ पहिल्याच टप्प्यांत निघून जातो.

हे एकदा कागदावर, हाताने, वर्तुळं काढून रंगवा. मी हे आग्रहाने सांगतो, कारण सॉफ्टवेअर हे करून देतं आणि नेमकं त्यामुळेच ते डोक्यात बसत नाही. कार्बन १ आणि २ लेबल असलेलं ग्लुकोज घ्या. सरळ ग्लायकोलिसिसमधून गेलं तर एका लॅक्टेटवर दोन जड कार्बन (कार्बन-१३) येतात आणि दुसरं लॅक्टेट कोरं राहतं. पेंटोज मार्गाने वळसा घेऊन आलं तर कार्बन १ गळालेला असतो, म्हणून लॅक्टेटवर एकच जड कार्बन उरतो. या दोन रूपांच्या प्रमाणावरून पेंटोज मार्गाचा वाटा काढता येतो. हाच प्रश्न सहाही कार्बन लेबल असलेल्या ग्लुकोजला विचारला, तर दोन्ही वाटांनी आलेलं लॅक्टेट तीन जड कार्बनांचंच दिसेल.

ड्युटेरियम वापरताना दोन गोष्टी सांभाळा. एक म्हणजे ते कार्बनला जोडलेलं हवं. ऑक्सिजनवरच्या ड्युटेरियमची पाण्यातल्या हायड्रोजनशी क्षणात अदलाबदल होते. दुसरी म्हणजे दुप्पट वजनामुळे जिथे कार्बन-ड्युटेरियम बंध तुटतो त्या टप्प्यावर अभिक्रिया मंदावू शकते. कार्बन-१३ मध्ये हा परिणाम बहुतेक कामांसाठी नगण्य असतो.

शुद्धताही तपासा. बाटलीवर ९९ टक्के लिहिलेलं असतं ते प्रत्येक कार्बनसाठी. सहाही कार्बन जड असण्याची शक्यता ०.९९ चा सहावा घात, म्हणजे सुमारे ९४ टक्के. उरलेल्यांपैकी बहुतेक रेणूंत पाचच जड कार्बन असतात. हे माहीत नसलं तर मोजणीच्या आलेखातली पाच जड कार्बनांची ती छोटी उंची म्हणजे नवा चयापचय मार्ग आहे असं वाटू शकतं.

पायरी ३: ‘कुठे?’ विचारायचं असेल तर एफडीजी

पेट स्कॅनमध्ये देतात ते एफडीजी (फ्लोरोडीऑक्सिग्लुकोज) हे काटेकोर अर्थाने लेबल केलेलं ग्लुकोज नाही. ते ग्लुकोजचं भावंड आहे: दुसऱ्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट काढून तिथे फ्लोरिन-१८ बसवलेलं. पेशी ते ग्लुकोजसारखंच आत घेते, हेक्झोकायनेज त्यावर फॉस्फेटही चढवतं. पण पुढच्या एन्झाइमला दुसऱ्या कार्बनवर हायड्रॉक्सिल लागतो. तो नसल्याने रेणू तिथेच अडकतो, आणि ही अडकणूकच चित्र देते. खऱ्या ग्लुकोजवर कार्बन-११ लावला तर लेबल थोड्याच वेळात कार्बन डायऑक्साइड आणि लॅक्टेट होऊन पांगतं आणि चित्राचा अर्थ लावणं अवघड होतं.

लुई सोकोलोफ यांच्या कार्बन-१४ डीऑक्सिग्लुकोज पद्धतीतून ही कल्पना आली. ब्रुकहेवन प्रयोगशाळेत एफडीजी तयार झालं आणि ऑगस्ट १९७६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ते पहिल्यांदा माणसाला दिलं गेलं. १९८६ मध्ये जर्मनीतल्या युलिश इथे हामाखर आणि सहकाऱ्यांनी जास्त उत्पादन देणारी पद्धत शोधली आणि रोजच्या रुग्णसेवेचा मार्ग मोकळा झाला. आजही फ्लोरिन-१८ सायक्लोट्रॉनमध्ये, ऑक्सिजन-१८ ने समृद्ध केलेल्या पाण्यावर प्रोटॉनांचा मारा करून बनवतात.

पेट विभागात नव्याने रुजू झालेल्यांनी तयारीकडे सर्वाधिक लक्ष द्यावं, कारण बिघडलेली तयारी नंतर कुठल्याही गणिताने सुधारत नाही. रुग्ण निदान चार तास, शक्यतो सहा तास उपाशी हवा. नुकतंच जेवण किंवा इन्सुलिन झालं असेल तर एफडीजी स्नायूंत शिरतं आणि अर्बुद फिकं पडतं. इंजेक्शनआधी रक्तशर्करा मोजा. ती जास्त असेल तर पेशीत शिरण्याचे तेच दरवाजे गाठायला साधं ग्लुकोज एफडीजीशी स्पर्धा करतं, आणि २०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर तपासणी पुढे ढकलण्याचा विचार करतात. इंजेक्शननंतर सुमारे ६० मिनिटं रुग्णाने शांत, ऊबदार जागी बसावं. थंडी वाजली तर मानेजवळची तपकिरी चरबी उजळते, बोलत राहिलं तर स्वरयंत्राचे स्नायू. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं आतडं उजळतं.

काही अवयव निरोगी असूनही उजळतात. मेंदू मुख्यतः ग्लुकोजवर चालतो. मूत्रपिंड साधं ग्लुकोज परत शोषून घेतं पण एफडीजी फारसं घेत नाही, म्हणून मूत्राशय झळाळतं. यकृतात फॉस्फेट काढून टाकणारं एन्झाइम असल्याने अडकलेलं एफडीजी हळूहळू सुटतं. क्षयरोग, सार्कोइड (एक दाहक आजार), भरत असलेली जखम हे सगळं उजळू शकतं, कारण दाहातल्या पेशीही भरपूर ग्लुकोज उचलतात. उलट, बरीच प्रोस्टेट अर्बुदं फिकी राहतात. उजळ ठिपका म्हणजे कर्करोग, असं समीकरण कधीही मांडू नका.

आकड्यांत लिहायचं तर एसयूव्ही (प्रमाणित ग्रहण मूल्य) वापरतात: ऊतीतली किरणोत्सारी तीव्रता भागिले दिलेली मात्रा प्रति वजन. सूत्र सोपं आहे, पण त्यात घड्याळ लपलेलं आहे. मात्रा मोजणारं यंत्र आणि स्कॅनर यांच्या घड्याळांत दहा मिनिटांचा फरक असेल तर किरणोत्सारी क्षयाची दुरुस्ती सुमारे सहा टक्के चुकते. इंजेक्शननंतर सिरिंजमध्ये उरलेली मात्रा मोजून वजा करायला विसरू नका. ३७० मेगाबेकरेल मात्रेतून प्रौढाला साधारण ७ मिलिसीव्हर्ट प्रारण मिळतं. सोबतच्या सीटी स्कॅनचं प्रारण वेगळं. म्हणून संशोधनासाठी ‘आणखी एक स्कॅन’ हा निर्णय हलक्याने घेण्याचा नाही.

किरणोत्साराशिवाय चित्र हवं असेल तर ड्युटेरियम इमेजिंग आहे. येल विद्यापीठातल्या डी फेटर आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत सहाव्या कार्बनवर दोन ड्युटेरियम असलेलं ग्लुकोज तोंडावाटे देतात आणि एमआरआयमध्ये ड्युटेरियमचा संकेत वाचतात. ग्लुकोज, ग्लुटामेट-ग्लुटामिन, लॅक्टेट आणि पाणी यांच्या रेषा वेगवेगळ्या दिसतात. ग्लायोब्लास्टोमाच्या (मेंदूतल्या आक्रमक अर्बुदाच्या) भागात लॅक्टेट वाढलेलं आणि ग्लुटामेट-ग्लुटामिन घटलेलं त्यांना दिसलं. एफडीजी जिथे थांबतं त्याच्या पुढचं हे चित्र आहे. मात्र हे चित्र ज्या ठोकळ्यांनी (व्हॉक्सेलनी) बनतं ते खूप मोठे, तपशील पेटपेक्षा बराच जाडाभरडा.

पायरी ४: ‘किती वेगाने?’ साठी शिरेतून संथ धार

इथेही सहाव्या कार्बनवर दोन ड्युटेरियम असलेलं ग्लुकोज हे नेहमीचं साधन आहे. ग्लुकोजचं लॅक्टेट होऊन यकृतात परत ग्लुकोज बनलं तरी हे ड्युटेरियम वाटेत गळून जातं, त्यामुळे जुनं लेबल नव्या ग्लुकोजचा आव आणून परत येत नाही.

सुरुवातीला एकदम मोठी मात्रा, मग ठरलेल्या गतीने धार. समजा धार मिनिटाला दर किलो वजनामागे ०.२२ मायक्रोमोल आहे आणि सुरुवातीची मात्रा त्याच्या शंभरपट, २२ मायक्रोमोल प्रति किलो. दोन तासांनी रक्तातलं लेबल केलेल्या आणि साध्या ग्लुकोजचं गुणोत्तर ०.०२ वर स्थिरावलं, तर शरीर स्वतः ग्लुकोज ओतत असल्याचा वेग ०.२२ भागिले ०.०२, म्हणजे ११ मायक्रोमोल प्रति किलो प्रति मिनिट. हा रात्रभराच्या उपासानंतर निरोगी माणसात दिसणाऱ्या आकड्यांच्या जवळपास आहे.

‘स्थिरावलं’ या शब्दावर सगळा डोलारा उभा आहे. निदान तीन नमुने दहा-दहा मिनिटांनी घ्या आणि गुणोत्तर खरंच सपाट आहे का पाहा. मधुमेहात रक्तातला साठा मोठा असतो, म्हणून सुरुवातीची मात्रा रक्तशर्करेच्या प्रमाणात वाढवावी लागते. नाहीतर गुणोत्तर तासन्‌तास चढत राहतं. जेवणानंतरची स्थिती अभ्यासायची असेल तर हे साधं भागाकाराचं सूत्र चालत नाही, तिथे स्टील यांचं अस्थिर अवस्थेचं समीकरण लागतं. माणसावर प्रयोग असेल तर नैतिक समितीची मंजुरी तर हवीच, शिवाय द्रावण निर्जंतुक आणि ज्वरकारक घटकांपासून मुक्त असल्याची चाचणी हवी. प्रयोगशाळेतल्या कामासाठी विकलेली बाटली शिरेतून देता येत नाही.

पायरी ५: पेशींवरचा प्रयोग

बहुतेकांची सुरुवात इथूनच होते, आणि इथे बारीकसारीक गोष्टीच निकाल ठरवतात.

ग्लुकोजरहित माध्यम घ्या आणि त्यात लेबल केलेलं ग्लुकोज स्वतः मिसळा. सीरम डायलाइझ केलेलं (लहान रेणू गाळून काढलेलं) वापरा, कारण साध्या सीरममध्ये ग्लुकोज असतं. समजा सीरममध्ये ते ५ मिलिमोलर आहे आणि तुम्ही दहा टक्के सीरम घालता. ५.५ मिलिमोलरच्या माध्यमात त्यातून ०.५ मिलिमोलर कोरं ग्लुकोज येतं आणि लेबल सुमारे आठ टक्क्यांनी पातळ होतं. त्याहून फसवं म्हणजे पायरुव्हेट. काही तयार माध्यमांत ते १ मिलिमोलर असतं. ते कोऱ्या कार्बनांसह थेट मायटोकाँड्रियात शिरतं आणि ‘या पेशी ग्लुकोज जाळत नाहीत’ असा साफ चुकीचा निष्कर्ष निघतो. बाटलीवरची घटकांची यादी शेवटपर्यंत वाचा.

माध्यम बदलणं हाही पेशींना धक्का असतो. म्हणून प्रयोगाच्या काही तास आधी त्याच घटकांचं, पण कोरं माध्यम घाला आणि मग लेबल असलेल्यावर न्या. काही थाळ्या शेवटपर्यंत कोऱ्या माध्यमावरच ठेवा, पुढच्या पायरीत त्या लागतील. आणखी काही फक्त पेशी मोजण्यासाठी बाजूला ठेवा.

किती वेळ थांबायचं? ग्लायकोलिसिसचे मधले पदार्थ मिनिटांत लेबलने भरतात, क्रेब्स चक्राचे पदार्थ तासांत, न्यूक्लिओटाइडांना साधारण एक दिवस लागू शकतो. तुमच्या पेशींसाठी छोटा चाचणी प्रयोग करून ही वेळ काढा.

मग पेशींचं काम क्षणात थांबवणं. एटीपीसारखे पदार्थ सेकंदांत खर्च होऊन पुन्हा बनतात, त्यामुळे थाळी टेबलावर ठेवून नावं लिहीत बसलात तर तुम्ही त्या गोंधळाचं चयापचय मोजाल. नळ्या आधीच लिहून ठेवा. माध्यम ओढून घ्या, धुवायचंच असेल तर एकदाच आणि झटपट, आणि उणे ८० अंशांवर थंड केलेलं ८० टक्के मिथेनॉल ओता. एका वेळी एकच थाळी. माध्यमाचा नमुनाही जपून ठेवा. ग्लुकोज किती संपलं आणि लॅक्टेट किती बाहेर आलं, हे त्याशिवाय कळणार नाही.

पायरी ६: मोजणी आणि दुरुस्ती

मास स्पेक्ट्रोमीटर प्रत्येक पदार्थाची वजनावरून विभागणी देतो: कोरा रेणू एम+०, एक जड कार्बन असलेला एम+१, असं पुढे. सगळ्या हिश्शांची बेरीज एक यायला हवी.

निसर्गातच दर शंभर कार्बनांमागे साधारण १.१ कार्बन-१३ असतात. म्हणून लेबल न दिलेल्या ग्लुकोजमध्येही एम+१ ची उंची एम+० च्या सुमारे साडेसहा टक्के दिसते. गॅस क्रोमॅटोग्राफीसाठी सिलिकॉनयुक्त गट जोडले असतील तर हा आकडा आणखी फुगतो, कारण सिलिकॉनची जड समस्थानिकंही आहेत. आयसोकॉर किंवा ॲक्युकॉरसारखी मोफत साधनं ही दुरुस्ती करतात. त्यांना योग्य रासायनिक सूत्र देणं मात्र तुमच्या हातात. आधी कोऱ्या थाळ्यांवर दुरुस्ती चालवा. तिथे एम+० सोडून सगळं शून्याजवळ आलं नाही, तर पुढे जाऊ नका.

पायरी ७: अर्थ लावणं

एक टाकी आणि तिच्यात येणारं रंगीत पाणी डोळ्यांसमोर आणा. नळ थेंब-थेंब गळत असो की धो-धो वाहत असो, पुरेसा वेळ दिला तर टाकीतला रंग तेवढाच गडद होतो. लेबलचं अंतिम प्रमाण सांगतं की पदार्थ कुठून आला. किती वेगाने आला, हे ते सांगत नाही. ‘लॅक्टेटमधलं लेबल वाढलं, म्हणजे ग्लायकोलिसिस वेगवान झालं’ हे वाक्य प्रबंधांत वारंवार येतं आणि बहुतेक वेळा त्याला आधार नसतो. वेगासाठी लेबल चढतानाची वेळनिहाय मोजणी हवी किंवा माध्यमातली घट-वाढ हवी.

दुसरं, लेबल नेहमी आधीच्या पदार्थाशी ताडून पाहा. प्राण्याच्या रक्तात ग्लुकोज ५० टक्केच लेबल झालेलं असेल आणि ऊतीतलं लॅक्टेट २५ टक्के एम+३ असेल, तर लॅक्टेटचा निम्मा हिस्सा त्या ग्लुकोजमधून आला असं म्हणता येतं. नुसते २५ टक्के काहीच सांगत नाहीत.

तिसरं, एकाच आकड्यामागे अनेक वाटा असू शकतात. सहाही कार्बन लेबल असलेल्या ग्लुकोजपासून पायरुव्हेट डिहायड्रोजिनेजच्या वाटेने पहिल्या फेरीत सायट्रेट एम+२ येतं, पायरुव्हेट कार्बॉक्सिलेजच्या वाटेने एम+३. पण चक्राच्या पुढच्या फेऱ्यांतूनही एम+३ तयार होतं, म्हणून तेवढ्यावरून कार्बॉक्सिलेजचा दावा करू नका. शंका असेल तर कार्बन ३ आणि ४ लेबल असलेलं ग्लुकोज वापरून पाहा. डिहायड्रोजिनेज ते लेबल बाहेर टाकतं, कार्बॉक्सिलेज ते चक्रात नेतं.

हे सगळं रुग्णांमध्येही करता येतं. डॅलसमधल्या राल्फ डीबेरार्डिनिस यांच्या गटाने फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांना शस्त्रक्रियेदरम्यान कार्बन-१३ ग्लुकोज दिलं आणि काढलेल्या ऊतीत लेबल मोजलं. ऑटो वॉरबर्ग यांच्या १९२० च्या दशकातल्या निरीक्षणांवरून बरेच जण धरून चालले होते की अर्बुदं ग्लुकोजचं लॅक्टेट करून थांबतात. पण २०१६ मध्ये या गटाला दिसलं की ती अर्बुदं शेजारच्या फुफ्फुसापेक्षा जास्त ग्लुकोज क्रेब्स चक्रातही जाळत होती. पेट स्कॅनमध्ये अशी अर्बुदं नुसती उजळ दिसतात. आत शिरलेले कार्बन लॅक्टेटकडे गेले की सायट्रेटकडे, हे एफडीजीला दिसूच शकत नाही, कारण ते पहिल्याच फॉस्फेटवर थांबलेलं असतं. म्हणून जिथे रुग्णाचा पेट स्कॅन आणि कार्बन-१३ चे आकडे दोन्ही उपलब्ध असतील, तिथे त्यांची थेट तुलना करण्याआधी दोन्ही वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत हे तुमच्या अहवालाच्या पद्धती विभागातच लिहून टाका. सोबत लेबलची जागा आणि शुद्धता, ग्लुकोजची संहती, नमुन्याची वेळ आणि दुरुस्तीचं साधन यांचीही नोंद करा.